झुंबरचं ताट

खापरच्या बाजारात शिखाला दोन नावांनी ओळखत. आठवडाभर काउंटरवर कापड फाडताना ती रतनलाल शेठची सून असे आणि रविवारी दुपारनंतर गोष्टवाली भाभी. दुसरं नाव मोबाईल दुरुस्तीवाल्या पवनने पाडलं होतं. तिला तेच जास्त आवडायचं, पण तसं ती कुणाला बोलून दाखवत नसे.

तिचं माहेर शहाद्याचं. पुण्याला एम.कॉम. करताना होस्टेलच्या मुलींनी तिला तो खेळ शिकवला. एकाने सूत्रधार व्हायचं आणि प्रसंग सांगायचा. डोंगर, राक्षस, पडके किल्ले, जे सुचेल ते. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं. पात्र काय करणार हे ज्याचं पात्र त्यानेच सांगायचं, सूत्रधाराला तो अधिकार नाही. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. लग्न होऊन खापरला आल्यावर शिखाला वाटलं होतं की हे सगळं पुण्यातच राहिलं. पण तिची नणंद आयुषी अक्कलकुव्याला औषधांच्या दुकानात बसायची आणि संध्याकाळी तिला करमायचं नाही. तिने हट्टच धरला. "भाभी, मला चोर व्हायचंय."

दुकानाच्या वरच्या माडीवर, ताग्यांच्या गठ्ठ्यांमध्ये खेळ मांडायचं ठरलं आणि सासूबाई, कंकुबाई, जिन्यात येऊन उभ्या राहिल्या.

"फासे माझ्या घरात येणार नाहीत. जुगार तो जुगार."

म्हणून शिखाने कोटाची वीस मोठी बटणं घेतली, मार्करने त्यांवर आकडे घातले आणि ती खणाच्या पिशवीत टाकली. फासा टाकण्याऐवजी पिशवीत हात घालून बटण काढायचं. कंकुबाईंना हे चाललं. दुसरी अट त्यांनी त्या दिवशी जाता जाता घातली.

"आणि मारामारी करा हवी तर. मरण नको. मनात मारलं तरी मारलंच ते."

तेव्हापासून त्या माडीवर कोणी मेलं नाही. राक्षस पळून जात, डाकू शरण येत, साप बिळात शिरत. पवन करवादायचा. त्याचा योद्धा भलीमोठी तलवार घेऊन हिंडे आणि तिचा उपयोग फक्त धाक दाखवायला. शाळेत शिकवणारी प्रिस्किला नवापूरकडची, चर्चला जाणारी. तिने वैदूण घेतली होती आणि पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "माझी बाई पाला वाटून लावेल. मंत्रबिंत्र म्हणणार नाही."

आयुषीच्या चोरटीचं नाव झुंबर. झुंबर कुलूप उघडे, भिंतीवर चढे, खिसे कापे, पण दिवस मावळल्यावर तोंडात पाणीही घालत नसे. हा नियम आयुषीचाच. आपल्या जैन घरात सगळे पाळतात तर झुंबरने का पाळू नये, असं तिचं म्हणणं. त्यामुळे भर जंगलात, राक्षस दाराशी असताना, सगळ्यांना ऊन उतरायच्या आत चूल पेटवावी लागे.

"भाभी, मन्हा योद्धा लढी ऱ्हायना, आनि हाई चोरटी म्हने, पहिले जेवन," पवन म्हणायचा.

"लढ ना तू. तुझी भाकरी मी खाते," आयुषी म्हणायची.

पलीकडे स्वयंपाकघरात कंकुबाई बाजरी निवडत बसलेल्या असत. त्यांचं लक्ष सुपात आहे, असंच सगळ्यांना वाटे.

शेवटच्या रविवारी शिखाने एक बारव रचली होती. कोरडी, फार खोल, तळ न दिसणारी. पायऱ्या अर्ध्यावर तुटलेल्या. पवनच्या योद्ध्याने दोर धरला आणि झुंबर खाली उतरू लागली. तेवढ्यात खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकलं आणि जेवायची वेळ झाली. "मी उतरतेय," आयुषी उठता उठता म्हणाली. "तळाशी काय आहे ते पुढच्या रविवारी सांग."

त्याच आठवड्यात तिला ताप भरला. खापरहून अक्कलकुवा, तिथून सुरत. सुरतहून ती परत आली ती गाडीत आडवी, चादर ओढून.

पाहुणे आले, बसले, गेले. दुकान उघडलं. कंकुबाई मात्र जेवेनात. नाही म्हणत नसत, ताटासमोर बसत, घास मोडत आणि हात धुवून उठत. रतनलाल शेठ समजावून थकले. डॉक्टरने सलाईन लावलं, म्हणाला की असंच चाललं तर मला काही करता येणार नाही. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

एका रविवारी प्रिस्किला आणि पवन सहज भेटायला आले. माडीवर तिघं नुसतीच बसली. कुणी पिशवी उघडली नाही. दारात कंकुबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

"ती अजून त्या बारवेतच लटकलीय?"

पवनने प्रिस्किलाकडे पाहिलं.

"पोर उपाशी असेल तिथे."

शिखाने पुढचं काही ठरवून केलं नाही. तोंडातून निघून गेलं. "नाही मम्मीजी. पवनने दोर ओढला. वर आली ती."

"जेवली?"

"जेवली."

"काय?"

"बाजरीची रोटी. आणि केर-सांगरीची भाजी."

कंकुबाई वळल्या. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तव्याचा आवाज आला. शिखाने डोकावून पाहिलं. सासूबाई पाटावर बसून रोटी खात होत्या, आणि शेजारी स्टीलचं एक रिकामं ताट मांडलेलं होतं.

तेव्हापासून रोज तेच. ऊन उतरू लागलं की कंकुबाई दुकानाच्या मागच्या दारात येत. गिऱ्हाईक असलं तरी सुनेला मारवाडीतून हाक मारत. "बींदणी, आज काय खाल्लं तिने?" शिखा सांगे, तेच रांधलं जाई, तेच कंकुबाई खात. रिकामं ताट शेजारी असे आणि जेवणं झाली की ते नुसतं विसळून ठेवायचं. बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या. शेठजींनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. एकदा सांगायला उशीर झाला, दिवस बुडाला. कंकुबाई शांतपणे उठून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलं नाही. शिखाने मग घड्याळापेक्षा समोरच्या पत्र्यावरच्या उन्हाकडे बघायची सवय लावून घेतली.

सुरुवातीला ती विचार करून सांगे. पुढे विचार करावा लागेना. तोंड उघडलं की झुंबर कुठे आहे, कुठल्या झाडाखाली बसलीय, पायात चप्पल आहे की नाही, हे सगळं येऊ लागलं. एकदा ती म्हणाली, "आज कढी-भात, लिंबाचं लोणचं."

"लोणचं नाही," कंकुबाई म्हणाल्या. "तिची जीभ सोलवटलीय. तिला झोंबतं."

सुरतेला शेवटी आयुषीचं तोंड आलं होतं का, हे शिखाला माहीत नव्हतं. तिथे तिच्याजवळ फक्त कंकुबाई होत्या. पण शिखाला थंडी वाजली ती दुसऱ्याच गोष्टीने. लोणचं म्हणताना तिच्या स्वतःच्या जिभेला चरचरलं होतं.

मग तिला नंदुरबारला जावं लागलं, दुकानाच्या कामाला. नवरा, अंकित, माल आणायला सुरतेला गेलेला. येताना तळोद्याच्या पुढे बसचं टायर बसलं. शिखा रस्त्याच्या कडेला उभी राहून सूर्याकडे बघत होती. तिने सासऱ्यांना फोन लावला. तो दुकानातच वाजत असणार. पुन्हा लावला. उसाच्या शेतावरून ऊन उचललं गेलं. तिने डोळे मिटले आणि वेड्यासारखी मनातल्या मनात सांगू लागली. मुगाची खिचडी, मम्मीजी. वर तूप. भाजलेला पापड, पण अर्धाच. अर्धाच का, ते तिलाही कळलं नाही.

घरी पोहोचली तेव्हा अंधार पडला होता. ती धावत स्वयंपाकघरात गेली. कंकुबाई सुपारी कातरत बसावं तशा निवांत बसल्या होत्या. जेवण उरकलं होतं. खिचडीचं पातेलं झाकलेलं, आणि झाकणावर पापडाचा अर्धा तुकडा.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" शिखाने विचारलं.

"कोण सांगणार? तूच सांगतेस रोज. आज तिने सांगितलं." कंकुबाईंनी पदर सावरला. "म्हणाली, भाभी दमलीय. आणि म्हणाली, मला वर का ओढलं?"

शिखा पाट ओढून पातेल्यासमोर बसली.

"मी दोन वर्षं ऐकलंय भिंतीआडून," कंकुबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "ज्याचं पात्र त्याने ठरवायचं. तुझाच नियम ना? ती उतरते म्हणाली होती. तू तिला ओढलंस."

"तुम्ही जेवत नव्हता."

"हो. माझ्यासाठी ओढलंस. म्हणून ती रोज येते, बसते. दमते गं ती."

रविवारी कंकुबाई पहिल्यांदा खेळायला बसल्या. गठ्ठ्याला टेकून, मांडी घालून, आयुषीच्या जागेवर. प्रिस्किला आणि पवनला शिखाने सगळं सांगितलं होतं. पवन नेहमी काहीतरी टोमणा मारायचा; आज त्याने नुसते हात मांडीवर ठेवले.

शिखाने पिशवी मध्ये ठेवली. झुंबर उतरली की उद्या मागच्या दारात कोण येणार आणि काय विचारणार? विचारायला काही उरलं नाही तर त्या काय खाणार? या घरात कुणी मरायचं नाही, ही अट त्यांचीच. त्या अटीच्या आधारानेच तर तिने इतके दिवस ढकलले होते.

"मम्मीजी, खाली काय आहे ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी रचलंच नव्हतं."

"नसू दे. तिला दिसेल. बारव सांग."

शिखाने सांगितलं. कोरडा दगड. तुटलेल्या पायऱ्या. कडेला उगवलेला पिंपळ. पवनने दोर धरला आहे. पवनने मान हलवली.

"तिच्याजवळ शिदोरी आहे का?" कंकुबाईंनी विचारलं.

सूत्रधाराने उत्तर द्यायचं, तेवढ्यात प्रिस्किला म्हणाली, "माझ्या बाईने बांधून दिलीय. दशम्या. आणि जिभेला लावायला पाला वाटून दिलाय."

कंकुबाईंनी मान डोलावली. मग पिशवीत हात घातला. तो आत बराच वेळ फिरला, गर्दीत कुणाचा तरी हात शोधावा तसा. बटणं एकमेकांवर वाजत राहिली. मग वाजायची थांबली. कंकुबाईंनी मूठ बाहेर काढली आणि ती उघडली नाही.

"आकडा, मम्मीजी," शिखा हळूच म्हणाली. "आकड्यावर पुढचं ठरतं."

"तो तिचा आहे. तिने बघितला."

आता शिखाला आधार नव्हता. ती न बघता बोलू लागली. झुंबर उतरतेय. वरचं तोंड लहान होत जातंय, थाळीएवढं, मग वाटीएवढं. गारवा आहे, पण ओल नाही. हाताला भिंत लागतेय, भिंत कोमट आहे, आतून चूल पेटलेली असावी तशी. कुणाचं तरी बोलणं ऐकू येतंय, आणि ते वाट बघत असलेल्या माणसांचं आहे. तळाला पाय—

"दोर हलका व्हयी गया, भाभी," पवन म्हणाला.

शिखा थांबली. तिने ते अजून सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम सूत्रधाराचं. पवनला इतक्या दिवसांत हे पक्कं माहीत होतं. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत होता, ते मांडीवर उताणे पडले होते.

"हलका झाला," शिखा म्हणाली. "पोहोचली."

खिडकीतलं ऊन भिंतीवरून ढळायला लागलं होतं. कंकुबाईंनी मूठ पदरात नेली, बटणाला पदराची गाठ मारली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या. शिखा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आता विचारतील. आता विचारतील, तिने काय खाल्लं.

"चला," कंकुबाई म्हणाल्या. "दिवस बुडेल. प्रिस्किला, पवन, तुम्हीही दोन घास घ्या. तुरीची डाळ आहे, सकाळची."

सगळी पंगतीला बसली. रिकामं ताट नेहमीच्या जागी होतं. कंकुबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डाळ-भात कालवला, एक घास घेतला, चावला, गिळला. दुसरा घेतला.

"मीठ कमी आहे, बींदणी," त्या म्हणाल्या.

शिखाने मिठाची वाटी पुढे सरकवली. आयुषी गेल्यापासून या स्वयंपाकघरात पहिल्यांदा कुणी तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं.

सगळी गेल्यावर ती मोरीवर भांडी घासायला बसली. शेवटी राहिलं ते रिकामं ताट. ते विसळायला तिने नळाखाली धरलं. पाणी ताटावर पसरलं नाही, थेंबाथेंबाने गोळा होऊन घसरलं. तिने बोट फिरवलं. बोटाला तूप लागलं, आणि दशमीचा बारीकसा चुरा.

आज घरात दशमी कुणी केली नव्हती.

आत कंकुबाई दिवस बुडायच्या आत म्हणून सुपारी मागत होत्या. "आणते," शिखाने हाक दिली. मग तिने काथ्याला साबण लावला आणि ते ताट इतर ताटांसारखंच, कडेपासून मध्यापर्यंत, नीट घासून काढलं.