अव्वा शिआत्सु शिकली

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका गिरणीत जपानी यंत्रं आली आणि ती बसवायला एक जपानी इंजिनिअर आले. सोबत त्यांची बायको. ते दिवसभर खात्यात, बाई बंगल्यात एकट्या. माझे वडील, अप्पा, त्याच गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. माझी बी.ए.ची परीक्षा नुकतीच झाली होती. आपली मुलगी इंग्रजी बोलते असं अप्पांनी कुणाला तरी अभिमानानं सांगितलं आणि बाईंना बाजार दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

बाई पन्नाशीच्या, ठेंगण्या. इंग्रजी माझ्याहून मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. बोटं नाचवत त्या भाव करायच्या आणि भाजीवाल्या हसत हसत वर मूठभर मिरच्या घालायच्या.

एकदा ऊन फार झालं म्हणून मी त्यांना घरी नेलं. अव्वा, म्हणजे माझी आई, शिलाई मशीनवर वाकलेली. पेठेतल्या बायकांची झंपरं शिवून तिची मान आणि उजवा खांदा इतका आखडला होता की हात डोक्यापर्यंत जात नसे. तिचे केस मीच विंचरायचे. बाई चहा पिता पिता तिच्याकडेच बघत होत्या. मग त्यांनी मला विचारलं, आईला हात लावला तर चालेल का?

मालिश म्हटल्यावर अव्वा तेलाची वाटी आणायला उठली. बाईंनी तिला थांबवलं. तेल नको, लुगडंही अंगावरच राहू दे. शिआत्सु म्हणजे बोटांचा दाब, एवढंच त्यांनी सांगितलं. मी गार फरशीवर सतरंजी अंथरली. अव्वा पालथी पडली, पण अंग लाकडासारखं ताठ.

बाईंनी नुसता तळवा तिच्या पाठीवर ठेवला आणि तिच्या श्वासाची वाट पाहिली. ती श्वास सोडू लागली की अंगठा टेकवून हळूच वजन टाकायचं, थोडं थांबायचं, उचलायचं आणि बोटभर पुढं सरकायचं. चोळणं नाही, चिमटणं नाही. मणक्याच्या दोन्ही कडांनी, खांद्यावर, मग दंडावरून मनगटापर्यंत. दुखलं तर सांगायचं, आणि दुखेल तिथं जोर करायचा नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

सगळं नीट चाललं होतं. बाई पायांशी आल्या तशी अव्वा झटकन उठून बसली.

"पावण्या बाईनं माझ्या पायाला हात लावायचा? न्हाई बाई. सांग तिला."

मी सांगितलं. बाई गोंधळल्या. त्यांच्या मते पाय सोडले तर काम अर्धवट राहत होतं. पाया पडणं म्हणजे काय, हे मी जमेल तसं समजावलं.  अव्वा सतरंजीवरून बाजूला सरकली आणि जागा थोपटत म्हणाली, "मग आदी मी तुमचे पाय दाबते. तुमी झोपा हितं."

याचं भाषांतर करायला लागलं नाही. बाई खरंच आडव्या झाल्या. त्यांनी नुकतं केलं तसंच अव्वा करू लागली, चुकलं की बाई तिचा अंगठा धरून जागेवर ठेवत. बोलता बोलता कळलं की घर सोडल्यापासून त्यांच्या अंगाला असा कुणी हात लावला नव्हता. डोळे मिटून त्या हसत होत्या आणि कानांपर्यंत पाणी ओघळत होतं. अव्वानं पदरानं ते टिपलं आणि पुन्हा पायाला लागली.

मग अव्वाची पाळी. या खेपेला तिनं पाय ओढले नाहीत. तळव्याच्या मध्यावर अंगठा टेकला असेल नसेल, ती घोरायला लागली. भर दुपारी झोपलेली अव्वा मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. अप्पा जेवायला आले तेव्हा आम्ही दोघी तोंडावर बोट ठेवून बसलो होतो. त्यांनी ताट स्वतः वाढून घेतलं.

त्यानंतर बाई दर आठवड्याला येऊ लागल्या. खांदा काही जादूनं मोकळा झाला नाही. हळूहळू सैल पडत गेला, झोप लागायला लागली, आणि एका सकाळी मी फणी घेऊन गेले तर अव्वानं आपला अंबाडा आपणच बांधला होता. आरशात सगळ्या बाजूंनी बघत होती.

"वाकडा झालाय की," मी म्हटलं.

"असू दे. माझा मी बांधलाय," ती म्हणाली.

यंत्रं सुरू झाली, बाई जपानला परत गेल्या. अव्वानं मात्र दाबणं सोडलं नाही. दुपारी कुणाची कंबर, कुणाचं डोकं घेऊन शेजारणी यायच्या. ताप असेल किंवा दिवस गेलेले असतील तर ती हात लावत नसे, बाईंची ताकीद होती. बाकी सगळं तिनं आपल्या पद्धतीचं केलं. "उसिरु बिडु," श्वास सोड, असं ती कानडीत म्हणायची, आणि कानडी न येणाऱ्या बायकासुद्धा बरोबर श्वास सोडायच्या. मधेच सासूची गाऱ्हाणी सुरू झाली तर म्हणायची, "ते बी सोड आता."

अप्पा बरेच दिवस या सगळ्याला हसले. मग एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच सतरंजी अंथरली आणि पालथे पडले.