अस्वलासमोरचा सौदा

नानाने मुलीच्या लग्नाला मला बोलावलं नाही, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो. तरुणपणी आम्ही दोघांनी बैलबाजारात एकत्र दलाली केली. पुढे मी फैजपूरला केळीच्या धंद्यात शिरलो आणि कुणाचाही हात डोक्यावर नसताना उभा राहिलो. त्याची मुलगी लहानपणी माझ्या खांद्यावर बसून बाजार हिंडलेली. तिच्या मांडवात अख्खं गाव जेवलं आणि मी घरी दार लावून बसलो. का बोलावलं नाही, हे नानाने स्वतःच्या तोंडाने सांगावं, तोवर मी पहिला शब्द काढणार नव्हतो.

होळीनंतर आमच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी सातपुड्यातल्या अभयारण्यात जायचं ठरवलं. नाना येणार हे कळल्यावर मी मुद्दाम नाव दिलं. चढणीवर माणूस कधी ना कधी तोंड उघडतो, असा माझा अंदाज होता.

इथला डोंगर काळ्या दगडाचा, पण एका नाल्यात झऱ्याचं पाणी चुना सोडतं. तिथले दगड दुधात बुडवून काढल्यासारखे पांढरे आहेत. वर मोहाचा सडा पडलेला, वारुळं खणून काढलेली. ते पाहून आमच्या पावरा आदिवासी वाटाड्याने सांगितलं, अस्वल जवळपास आहे, इथून पुढे बोलायचं नाही. माझी पंचाईतच झाली. तरणी मंडळी त्याच्याबरोबर पुढे गेली. मागे उरलो आम्ही दोघं, दोघंही पोटाने जड.

वळणावर नाना थबकला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. समोर मोहाच्या झाडाखाली अस्वलाची मादी फुलं खात होती. पाठीच्या केसांत एक पिल्लू घट्ट बसलेलं. वारा आमच्या तोंडावर होता, म्हणून तिला आमचा वास गेला नव्हता. डावीकडच्या पांढऱ्या खडकाआड सरकावं, असं माझ्या मनात आलं.

बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. कापडाखाली हात घालून समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका आकडा. मी नानाच्या उपरण्याखाली हात घातला आणि त्याची दोन बोटं दाबली. मादी आणि पिल्लू, दोन.

नानाने माझी तीन बोटं धरली.

माझं डोकं तापलं. मी काही सांगितलं की त्यावर एक चढवायचं, ही त्याची जन्माची खोड. इथेही? मी पुन्हा दोन दाबली, हाड मोडेल इतकी. त्याने तीन सोडली नाहीत. मी हात झटकला आणि खडकाकडे पाय टाकला, तसा त्याने माझा सदरा मागून धरला.

त्याच खडकाआडून दुसरं पिल्लू बाहेर आलं. तोंडाला फुलं चिकटलेली. मादीने मान वर करून फुस्स केलं. पिल्लू धावत जाऊन तिच्या पाठीवर चढलं आणि तिघं करवंदीच्या जाळीत शिरली. आणखी चार पावलं टाकली असती, तर मी आई आणि लेकराच्या मध्ये उभा असतो.

पाचोळ्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही हललो नाही. मग नाना खाली बसला आणि बोलला.

"व्याह्यांनी मला भर मांडवात नको ते सुनावलं. असं होणार हे मला आधीच माहीत होतं. मी गिळलं. तू गिळलं असतंस?"

"त्यांना मांडवाबाहेर काढलं असतं."

"म्हणून नाही बोलावलं. पोरीचं लग्न लावायचं होतं मला."

हे खरं होतं. पण माझ्या वतीने ठरवणारा हा कोण? मी त्याला तसं तोंडावर सांगितलं. मग माझी अट घातली: मुलगी आणि जावई माझ्या घरी जेवायला येतील, खापरावरचे पुरणाचे मांडे होतील, आहेर मी करेन, आणि त्यात त्याने एक शब्द बोलायचा नाही.

"अन् मी?"

"तुला बोलावलेलं नाही."

उतरणीवर तो घासाघीस करत राहिला. आपल्या बायकोचं नाव पुढे केलं, गुडघा दुखतो म्हणाला, मघाशी सदरा कुणी धरला ते विचारलं. शेवटी वनखात्याच्या नाक्याच्या अलीकडे मी त्याला जेवणाला येऊ द्यायचं कबूल केलं. पण पंगतीत बसायचं नाही. जावयाला वाढायचं, आणि तूप मी सांगेन तितकं.