दांड्यातला खेळ

दौंडचा तो मिस्त्री गिऱ्हाइकाचं बोट धरायचा. बिघाड नुसता तोंडानं सांगायचा नाही. ऑइलनं काळा झालेला हात पुढं करून तुमचं बोट पकडायचा, बिघडलेल्या भागावर टेकवायचा आणि म्हणायचा, "माझ्यावर इश्वास ठेवू नका. बोटाला इचारा."

असा माणूस तुम्ही पाहिला असेल, तर त्याच्याशी भाव करणं किती अवघड असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मी न्हावऱ्याचा कांद्याचा व्यापारी. सायकलला दोन पिशव्या अडकवून सुरुवात केली आणि चाळिशीत डिझेलची मोटार घेतली, जुनी का होईना. टर्बोची गाडी आमच्या आळीत ती पहिलीच. वर्षभरात ती निळा धूर ओकायला लागली. मिस्त्रीनं पाइप काढून माझं बोट टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, दांड्यावर टेकवलं. दांडा हलत होता.

"लागतोय का खेळ? नवा टर्बो घालावा लागंल. पस्तीस हजार."

"वीस घ्या."

"शेठ, कांदा न्हाई ह्यो. अर्धी गोणी टर्बो मिळत न्हाई."

शेजारचा चहावाला हसला. माझं डोकं फिरलं. "गाडीवाला दिसला की तुमच्या तोंडाला पाणी सुटतं," मी म्हणालो. मिस्त्रीनं पाइप फडक्यानं पुसून होता तसा जोडला आणि किल्ली माझ्या हातात दिली. बघणावळही घेतली नाही. तेही मला लागलं.

शिरूरला एकानं नुसतं सील बदलून नऊ हजारांत भागवलं. आठ दिवस मी दौंडकराच्या नावानं हसत होतो. नवव्या दिवशी शिरूरहून घरी येताना गाडी आपोआप रेस व्हायला लागली. कडेला घेतली, किल्ली काढली, तरी इंजिन ओरडतच राहिलं. टर्बोतून गळणारं स्वतःचंच ऑइल पिऊन ते पळत होतं. किल्ली मुठीत धरून मी रस्त्यात उभा. ऑइल संपलं तेव्हाच ते थांबलं, जाम होऊन. मोटार भंगारात गेली.

भांडायला मी एसटीनं दौंडला गेलो.

"असं होणार हे ठाऊक होतं तुम्हाला. मग सांगितलं का नाही?"

पान्हा पुसत तो म्हणाला, "सांगितलं आसतं, तर तुम्ही काय म्हणला आसता, शेठ?"

भीती घालून भाव वाढवतोय, हेच म्हणालो असतो. त्याला ते ठाऊक होतं, मलाही. त्यानं मागवलेला चहा तसाच ठेवून मी उठलो. पुन्हा त्याच्या दारात गेलो नाही.

आजही माझं म्हणणं आहे, चूक त्याची होती. मी शिव्या दिल्या असत्या. त्यानं त्या खायच्या होत्या आणि सांगायचं होतं.

तो वारला, ते मला दोन वर्षांनी कळलं. अलीकडे दौंडला काम निघालं. त्याच्या शेडच्या जागी आता पावती फाडून गाड्या लावून घेतात. मी बराच वेळ उभा आहे हे पाहून पावतीवाला जवळ आला.

"मामा, गाडी कंची तुमची?"

"माझी गाडी नाही."

"मग वाईच कडंला सरा. जागा आडतीया."

मी सरलो.