खवल्यांचा धर्म

मिरकरवाड्याच्या जेटीवर मासे निवडताना मी आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशीपुढे ज्ञान पाजळलं. यहुदी धर्मात खवले नसलेला मासा वर्ज्य. मोरी नाही, कुर्ल्या नाहीत, कोलंबीसुद्धा नाही. येशूचे पहिले शिष्य यहुदीच होते. पुढे परधर्मातले लोक येऊ लागले, तेव्हा त्यांनाही हे नियम लावायचे का, यावरून मंडळींत कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी नियमच सुटले. एवढं समजायला मी दोन जाडजूड पुस्तकं वाचली होती.

मावशीने विचारलं, "ते शिष्य धंदा काय करायचे?"

"बरेचसे कोळीच होते."

"मग एवढी बुकं कशाला वाचलीस, मेल्या? जाळ्यात आलेली कोलंबी परत दर्यात टाकायला लावणारा देव कोळ्याच्या घरात किती दिवस टिकेल?"