न बिचकवणारा प्रोब

बोर्ड बंद पडलं की आमचा हात आधी स्विचकडे जायचा. तेवढ्यात ताई तळहात आडवा धरून म्हणायच्या, "थांबा. बिचकवू नका त्याला."

चितेगावच्या आमच्या छोट्या कारखान्यात दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर बनतात. ताई त्यांचा प्रोग्रॅम लिहायच्या, मी शेजारच्या टेबलावर त्यांच्या आतलं बोर्ड तपासायचो. वयानं त्या माझ्यापेक्षा लहान, पण ताई म्हटल्याशिवाय त्यांच्याशी बोलायचा धीर कुणाला व्हायचा नाही. यंत्राशी इतक्या अदबीनं वागणारं माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. आमच्या गप्पा रंगायच्या आणि ताई कप हातात धरून बोर्डावरच्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याकडे बघत बसायच्या. चहावर साय धरायची.

मग गावोगावचे आमचे कंट्रोलर मधूनच अडकायला लागले. टाक्यांमधलं दूध नासायला लागलं. कुणी बंद करून चालू केलं की सगळं सुरळीत. बोर्ड कारखान्यात आणलं तर एकही तक्रार नाही. साहेब वैतागले.

"शनिवारपर्यंत सापडलं नाय, तर मी बाहेरून तयार कंट्रोलर घेतो. मग तुमचा हा विभाग ठेवून काय करू?"

ते बोर्ड म्हणजे ताईंचा जीव. त्या एवढंच म्हणाल्या, "सापडंल. आधी प्रोब बघते."

प्रोब म्हणजे संगणक आणि बोर्डावरची चिप यांना जोडणारी लहानशी डबी. तिच्यातून चिप आत काय करतेय ते दिसतं. आमच्याकडे बोर्डाबरोबर फुकट आलेला एक होता, बाजारातला स्वस्त एक, आणि साहेबांच्या कपाटातला महागडा. चिपमध्ये प्रोग्रॅम कोणता लवकर भरतो, एवढीच तुलना आम्ही आजवर केली होती. ताईंची परीक्षा वेगळी होती. चालत्या बोर्डाला प्रोब जोडायचा. हिरवा दिवा जरा जरी अडखळला, की तो नापास.

स्वस्त प्रोब जोडताक्षणी दिवा विझून राहिला आणि मग नव्यानं लुकलुकू लागला. "बघा, यानं चिपला पहिल्यापासून सुरू केलं," ताई म्हणाल्या. "मग ती अडकली कुठं, ते कळणार कसं?"

ताईंचं माहेर खुलताबादकडचं, घरी मेंढरं. "आमचे अण्णा लंगडं मेंढरू बसूनच हेरायचे. आपण उभं राहिलं की ते बिचकतं, अन् नीट चालून दाखवतं," असं त्या सांगायच्या.

फुकटच्या प्रोबनं दिवा अडखळला नाही, पण कोपऱ्यातल्या चाचणीच्या टाकीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की त्याचा संपर्कच तुटायचा. महागडाही पहिल्या फेरीत नापास झाला. साहेबांचं तोंड उतरलं. ताईंनी त्याची माहितीपुस्तिका डब्याशेजारी उघडी ठेवून जेवण केलं, मग एक सेटिंग बदललं आणि चिपला पहिल्यापासून सुरू करणारी एक तार उपटून काढली. आता दिवा अडखळेना. कॉम्प्रेसर सुरू झाला तरी अडखळेना.

"बसला बघा प्रोब गुमान."

मग आम्ही बोर्ड अडकायची वाट बघू लागलो. कॉम्प्रेसर चालू, बंद, चालू, बंद. शुक्रवारी दुपारी दिवा लुकलुकायचा थांबला, आणि सवयीनं माझा हात स्विचकडे गेलाच! ताईंनी मनगट धरलं. मग हळूच प्रोब जोडला. दिवा तसाच मुका राहिला आणि चिप जिथं अडकली होती ती प्रोग्रॅमची ओळ पडद्यावर आली. तापमानाच्या सेन्सरचं उत्तर येईपर्यंत थांब, असं तिथं लिहिलं होतं. कॉम्प्रेसरच्या झटक्यात ते उत्तर हरवत होतं आणि चिप बिचारी वाट बघत बसत होती.

ओळ ताईंचीच होती.

आठवडाभर आम्ही सेन्सर पुरवणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत होतो. मी हळूच म्हणालो, "ताई, सेन्सरच खराब निघाला म्हणून सांगू."

"नाय हो. उत्तर आलंच नाय तर काय करायचं, ते मी लिहायला पायजे हुतं."

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सांगून आल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि भीतीही वाटली. मागोमाग साहेब आले आणि पडद्यावरची ओळ त्यांनी वाचली. मग म्हणाले, "दुरुस्त करा अन् पाठवा."

यंदा ताई बंगळूरूला गेल्या, चांगली नोकरी मिळाली. जाताना दुरुस्त केलेलं एक बोर्ड माझ्या टेबलावर चालू ठेवून गेल्या, प्रोब शेजारीच.

"बंद करू नका. अडकलं तर बिचकवू नका, आधी मला फोन लावा."

रोज सकाळी आल्या आल्या मी त्या हिरव्या दिव्याकडे बघतो. तो नीट लुकलुकत असतो. ताईंना फोन करायला अजून कारणच मिळालेलं नाही.