काकूंचा चाकवत आणि माझी सही

काकू नोटीस हातात धरून माझ्यासमोर उभ्या होत्या. खाली सही माझीच.

"दिलीप, काय लिहिलंयस रे हे?"

"प्लॉटवर तण माजलंय काकू. तीन आठवड्यांत साफ करा, नाहीतर प्लॉट काढून घेतील."

"कोण घेणार?"

"आम्हीच."

मी ईस्ट लंडनमध्ये नगरपालिकेच्या अलॉटमेंटवर काम करतो. अलॉटमेंट म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. आता जिकडेतिकडे फ्लॅट झालेत, कुंडी ठेवायलाही जागा नाही. त्यामुळे वेटिंग लिस्ट एवढी लांब, की नाव घालून म्हातारं व्हायचं. एकदा प्लॉट गेला की गेला.

मी नववी नापास. बायको नर्स, तिच्या व्हिसावर इथे आलो. मला इन्स्पेक्शन दिलं कारण तेव्हा माझे गुडघे बरे होते. दोन दिवसांचं ट्रेनिंग आणि तणांचा एक चार्ट. आयुष्यात मी पाठ केलेली एकमेव गोष्ट. चार्टवर पहिलंच नाव, फॅट हेन. काकूंच्या प्लॉटवर ते गुडघाभर. फोटो काढला, नोटीस चिकटवली, स्वतःवरच खूश झालो.

काकूंनी एक फांदी तोडून माझ्या नाकाशी धरली. "हे काय आहे?"

"फॅट हेन."

"चाकवत आहे, गाढवा! लहानपणी खाल्ला नाहीस?"

खाल्ला होता की. दर थंडीत, ताकातला, वर लसणाची फोडणी. पण मी ताटातलाच ओळखायचो.

"तुझे काका गेल्यावर इथेच येऊन बसते रे मी," काकू म्हणाल्या. "घरात भिंतींशी किती बोलायचं?"

ऑफिसात डेनिसला, म्हणजे माझ्या मॅनेजरला, सांगितलं. "माझी चूक झाली."

"त्यावर माझा लगेच विश्वास बसतो," ती म्हणाली. "पण नोटीस सिस्टिममध्ये गेली. आता री-इन्स्पेक्शन मीच करणार. पीक असेल तर मला पीक दिसलं पाहिजे."

मग माझे दोन शनिवार गेले. दोरी बांधून चाकवताच्या सरळ ओळी ठेवल्या, मधला सगळा उपटला. काकू उलट्या बादलीवर बसून, "वाकडी गेली बघ ओळ." माझे गुडघे तेव्हाच गेले. कडेला पाटी ठोकली: चाकवत.

डेनिस आली. पाटी बघितली, ओळी बघितल्या. "हे खातात?"

"पालकासारखं."

तिने टिक केलं. प्लॉट राहिला. झाड तेच, फक्त रांगेत उभं होतं.

काकूंनी मला उपटलेल्या चाकवताची भाजी डबाभरून दिली. डेनिसने चार्टवर फॅट हेनपुढे लिहिलं, 'दिलीपला विचारा.' आता कुठेही काही हिरवं उगवलं की फोन मला.

नोटिशीसाठी काढलेला तो फोटो मी नंतर साताऱ्याला आईला पाठवला. पाच सेकंदांत उत्तर आलं: "कोवळा आहे तोवर खुडून घे."

हल्ली मी सही करायच्या आधी आईला फोटो पाठवतो.