भुईखालच्या डोहातली आंघोळ

मोबाईलवर व्हिडिओ पाहून माझ्या साळ्याने हट्टच धरला, म्हणून एका रविवारी आम्ही दोघं अकोल्याहून हिवरखेडच्या पुढे डोंगरात गेलो. तिथे खडकाच्या फटीतून वाकून खाली उतरलं की भुईखाली डोह आहे.

खाली आधी वास आला, मग पाय घसरला. पायाखाली तंबाखूच्या खर्र्याच्या पन्न्या, भिंतीवर थुंकलेल्या लाल पिचकाऱ्या. कोणीतरी वर रोडग्यांची पार्टी करून ताटं इथेच विसळली होती. वांग्याच्या भाजीचं तेल पाण्यावर तरंगत होतं.

"लोकाईले अक्कल नाही," मी साळ्याला म्हणालो. तरी उतरलो पाण्यात. इतक्या दूर आलो होतो ना! मग अंगाची किळस वाटायला लागली. ती घाण घेऊन गाडीत कसं बसायचं? बॅगेतला साबण काढला आणि तिथेच पाण्यात उभा राहून डोक्यापासून पायापर्यंत दोनदा खसाखसा घासून घेतला.

वर आलो तर एक म्हातारी पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, घेऊन, आमच्याकडे पाठ करून बसलेली. कोण जाणे कधीपासून.

"झाली का आंघोय?" तिने विचारलं. "प्याचं पानी भराचं हाय मले."

ती खाली उतरली. साबणदाणी खालीच राहिली होती, म्हणून मी फटीतून वाकलो. म्हातारीने तळहाताने फेस बाजूला सारला आणि गुंड बुडवला.

तेल लोकांचं होतं. फेस माझा होता.